हाडांची टरफलं

मंगळवारी सकाळी सगळ्या बाहेर आल्या, सेनिसा आली नाही.
दारातच बसून होती, पंख अर्धवट पसरून,
आपण जमिनीला हात टेकतो तशी.
उठवली तर दोन पावलं, मग ढोपरांवर.

नोल्बेर्तो कुंपणापलीकडून म्हणाला, रस्सा कर.
त्याचंही चुकलं नाही. चार वर्षांची कोंबडी,
जुलैचा हिवाळा, चिलोए बेटावर पाचलाच अंधारून येतं.
मी तिला शालीत गुंडाळून चुलीपाशी आणली.

आधी तळवे. चष्मा पुसून पाहिले.
काळी खपली नाही, सूज नाही, काटा नाही.
मग पायाचे खवले, उचललेले नाहीत, तेव्हा किडेही नाहीत.
मग दोन्ही नळ्या एकदम दोन हातांत घेतल्या,
शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे तोलायचे तशा.
ऊब सारखी, जाडी सारखी, करकर नाही.
शेपटीखाली बोट लावलं, अंडं अडकलेलं नाही.
तळव्याला बोट लावलं तर नखांनी आवळून धरलं,
एवढ्याशा बाळानं धरावं तसं.
म्हणजे नस शाबूत.

सगळं नाही, नाही, नाही.
ती मात्र माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होती,
मास्तरांनी मुद्दाम वेळ द्यावा तशी.

छातीच्या हाडावरून बोट फिरवलं तेव्हा कळलं.
ते सरळ नव्हतं.
किनाऱ्यावर वर्षभर पडलेल्या वल्ह्यासारखं वाकलं होतं,
आणि दाबलं की किंचित दबत होतं.

मागच्या शुक्रवारी निळं अंडं उचलताना
माझा अंगठा आत गेला होता.
मी हात धुतला. उरलेली अकरा मोजली,
बोटीच्या खानावळीत पोचती केली.

हाडाची काडं केली म्हणतात ना माणसं,
हिनं टरफलं केली.
खाण्यातून पुरलं नाही तेव्हा स्वतःतून काढलं,
रोज थोडं, रात्री, कुणाला न सांगता,
आणि सकाळी घरट्यात ठेवलं, गुळगुळीत.
माझी आई म्हणायची, एका लेकरामागं एक दात.
जीभ आपोआप त्या रिकाम्या जागी गेली.

यास्ना फोनवर हसली. आई, एका कोंबडीसाठी?
तिला दिव्याचं सांगितलं नाही.
मे महिन्यात खुराड्यात मीच दिवा टांगला होता,
दिवस लांब वाटावा, अंडी थांबू नयेत.
बाहेर गारा, आत रात्री दहापर्यंत उन्हाळा.
बिचारीनं विश्वास ठेवला.

त्याच संध्याकाळी जाऊन दिवा काढला.
एप्रनच्या खिशात बराच वेळ गरम राहिला.

आता ती लाकडं ठेवायच्या खोलीत आहे, अंधारात, जाड पेंढ्यावर.
पिठाच्या पिशवीला दोन भोकं पाडून झोळी केली,
पाय खाली लोंबतात, नखं जेमतेम जमिनीला टेकतात.
दिवसातून दोनदा, ती कंटाळेपर्यंत. ती लवकर कंटाळते.
माशाच्या काळजाचं तेल थेंबभर, चोच उघडून.
त्यावर मला मिळालेल्या शिव्या मी इथं लिहीत नाही.

आणि शिंपले. ओहोटीला जाऊन आणते,
चुलीत भाजते, वरवंट्याखाली घेते.
फार बारीक नको, पीठ झालं की वाया जातं,
मिठाच्या खड्याएवढे ठेवावेत.
वाडगा समोर ठेवला की सेनिसा आधी धान्य ढकलते,
शिंपलेच टिपते. तिला कुणी शिकवलं नाही.

नवव्या दिवशी झोळीबाहेर उभी राहिली.
मी बारापर्यंत मोजलं, मग बसली.
नोल्बेर्तोनं खिडकीतून पाहिलं, काही बोलला नाही,
दुसऱ्या दिवशी शिंपल्यांची बादली दारात होती.

हाड वाकलं ते वाकलंच राहील.
वरच्या दांडीवर ती आता झोपणार नाही,
तिच्यासाठी वीतभर उंचीची एक केलीय.

आज बोटीवरचा पोरगा विचारत होता, अंडी?
म्हटलं, नाहीत.
सप्टेंबरात बघू, उजाडेल तसं.
घरट्यात हात घालून पाहिला तरी, सवयीनं.
पेंढा होता. कोरडा, थंड.
बरं वाटलं.